‘खो-खोसाठी पगार घेता का?’ म्हणणाऱ्यांसाठी

तेरणाकाठ

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली आणि हेडमास्तरांनी गावच्या ग्रुपवर दुसऱ्या सत्राच्या उपक्रमांचा कागद टाकला. वावगं त्यात काही नव्हतं. परिपाठानंतर कवायत, मंगळवार-गुरुवार शेवटच्या तासाला खो-खो आणि कबड्डी, बुधवारी परसबाग, शनिवारी लेझीम, डिसेंबरात केंद्रातल्या शाळांच्या स्पर्धा, जानेवारीत गॅदरिंग. त्याच्याखाली पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्याच भावकीतल्या एकानं लिहिलं, ‘खो-खोसाठी पगार घेता का? लेकरांना हातच्याची वजाबाकी येईना. खेळायला घरी अंगण आहे.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. तिथं उत्तर दिलं असतं तर भाऊबंदकी पेटली असती, म्हणून इथं लिहितो.

पहिलं म्हणजे, अंगण कुठंय? होतं तिथं घरकुल उभं राहिलं, उरलेल्या जागेत ट्रॅक्टर नाहीतर मोटारसायकली. गल्ली सिमेंटची झाली, पडलं की गुडघे सोलून निघतात. पोरगं घरी आलं की मोबाइल घेऊन उताणं पडतं. पोरगी घरी आली की भांड्याला बसते, नाहीतर धाकट्याला कडेवर घेते. तिला पळायला मिळतं ते शाळेत, तेवढंच.

दुसरं. सारिका काळे आपल्या धाराशिवची, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला तो खो-खोसाठी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा भारतानं जिंकला, महिलांचाही भारतानंच, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हा ह्याच ग्रुपवर फटाक्यांची चित्रं पडली होती. आता तोच खेळ गुरुजी आपल्या लेकरांना शिकवतो म्हणाले तर त्यांचा पगार काढायलाव?

मागच्या वर्षी मी सराव बघितलाय. खांब म्हणून बोअरच्या केसिंगचे दोन तुकडे गाडलेले. फक्कीला पैसे नव्हते म्हणून रेघा चुलीतल्या राखेनं मारलेल्या. चौथीतली एक पोरगी, वर्गात तोंड न उघडणारी, एका हातानं खांब धरून अशी गर्रकन वळली की मागचा पोरगा सरळ पुढं जाऊन आपटला. मग डाव संपल्यावर हीच पोरगी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना सांगायली, तू हिकडं तोंड करून बस, तू तिकडं, आणि पाठीला हात लागल्याबिगर उठू नको. गुरुजी बाजूला उभं राहून गप ऐकत होते.

वजाबाकी यायलाच पाहिजे, नको कोण म्हणतंय? पण खेळ बंद केल्यावर ती येते हे कुणी सांगितलं तुम्हाला?

पुण्यातला_पण_गावचा

भावकीतला तो माणूस मीच. आडून बोलायची गरज नव्हती दादा, फोन करायचा.

माझा पुतण्या चौथीत आहे. दिवाळीत त्याला ४०३ मधून १७८ वजा करायला सांगितलं. पोरानं ३७५ लिहिलं. तीनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून तीन काढले, शून्यातून सात जात नाहीत म्हणून सात तसाच खाली आणला. हातचा घ्यायचा असतो हे त्याच्या गावीच नाही. शिष्यवृत्ती आता पुन्हा चौथीला आलीय, पाचवीत नवोदय. तालुक्याच्या इंग्लिश स्कूलची पिवळी गाडी रोज सकाळी आपल्या गावातून पोरं भरून नेते. ती काय झेडपीत खेळ कमी आहेत म्हणून का?

विश्वचषकाचं कौतुक मलाही आहे. पण खेळाडू होणारं लेकरू हजारात एक. बाकीच्यांनी उद्या चाकणला कंपनीच्या गेटवर सूर मारायचा का?

मांजरापट्टा

गेटवर सूर मारायला पण दम लागतो भाऊ. आमच्या गावातली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करायलेत. पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. १६०० मीटरला ज्यांची छाती भरून येते ते कोण? जे दहावीपर्यंत एकदाही पळाले नाहीत ते. मैदानातच घरी, लेखीपर्यंत पोचतच नाहीत. माझा सख्खा भाचा त्यातला. त्याला हातचा पक्का येतो, काय उपयोग झाला?

दोन_लेकरांची_आई

दोघांचंही ऐकलं. आता माझं ऐका. मला खेळाचं वावडं नाही, उपक्रमांच्या सोंगाचं आहे. उपक्रम म्हणजे फोटो. आमच्या शाळेत साहेब येणार होते त्या दिवशी परसबागेच्या वाफ्यात बाजारातनं आणलेल्या मेथीच्या जुड्या सोडून ओळीनं रोवल्या. माझ्या लेकीनं रोवल्या, तिनंच घरी येऊन हसत सांगितलं. दुपारपर्यंत सगळी मेथी मान टाकून पडली, पण फोटो तोवर निघाला होता.

आणि खेळाचं म्हणाल तर स्पर्धा जवळ आली की चपळ पोरं निवडायची, त्यांनाच खेळवायचं. जाडजूड आणि लाजरी लेकरं कडेला बसून टाळ्या वाजवणार. माझा मुलगा दोन वर्षं टाळ्याच वाजवतोय. वरच्या पोस्टमधली पोरगी छान आहे हो, पण त्या दिवशी भिंतीला टेकून किती बसली होती ते मोजलं का?

खडूवाले

झेडपीचा शिक्षक आहे, मुद्दाम खरं नाव टाकत नाही.

आमची शाळा द्विशिक्षकी. कायद्यानं साठ लेकरांपर्यंत दोनच शिक्षक. चार वर्ग, दोन माणसं, त्यातला एक मुख्याध्यापकाचं कागदकाम करणारा. पहिली ते चौथीला क्रीडाशिक्षक हे पदच नाही. शिक्षण हक्क कायद्यात खेळ-कला शिकवणारे अर्धवेळ निदेशक आहेत ते सहावी ते आठवीला, तेही पट शंभराच्या वर असेल तर. समग्र शिक्षा योजनेत खेळाचे म्हणून प्राथमिक शाळेला वर्षाचे ५,००० रुपये. त्यात चेंडू, दोऱ्या, रिंग, लेझीम सगळं बसवा. २०२४ पासून शनिवारी उपक्रम घ्यायचा ‘आनंददायी शनिवार’ आहे, तो राबवला का याचा अहवाल भरायचा. ताई, फोटो आम्हाला हौस म्हणून काढायचे नसतात. फोटो नाही तर उपक्रम झालाच नाही असं वरून धरतात. मेथीचं जे झालं त्याचं समर्थन करत नाही. पण निवड न करता सगळी शाळा स्पर्धेला नेऊ का? संघात बाराच नावं बसतात.

वर मतदारयाद्या, सर्वेक्षणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं स्वच्छ लिहिलंय.

कायद्याचं_बोला

गुरुजी, कलम २७ पूर्ण वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं त्यातून वगळलेलीच आहेत. निम्मं कलम सांगून रडू नका.

आणि एक साधा प्रश्न. सराव शेवटच्या तासालाच का? शाळा सुटल्यावर का नाही? सकाळी लवकर का नाही? मी सांगतो. पाचची काळीपिवळी चुकते. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावात, राहतो म्हणून घरभाडे भत्ता उचलायचा, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मिळवायचा आणि मुक्काम लातुरात. शिक्षक गावात राहिला तर वजाबाकी पण होते आणि खो-खो पण. हा सगळा वादच उभा राहत नाही.

मांजरापट्टा

हाणला! आमच्या लहानपणी गुरुजी गावातच राहायचे. रात्री कंदील लावून अभ्यास घ्यायचे आणि चांदण्यात कबड्डी. चुकलं तर घरी येऊन बापासमोर झोडायचे.

खडूवाले

आलात का शेवटी अपडाऊनवर. २०२२ ला गंगापूरच्या आमदारांनी हा विषय विधानसभेत काढला, तेव्हापासून प्रत्येक पारावर आमचा हिशोब चालू आहे. तलाठी कुठं राहतो? डॉक्टर कुठं राहतो? पशुधनवाले साहेब गावात शेवटचे कधी दिसले? त्यांना कोण विचारत नाही, कारण ते रोज सापडतच नाहीत. आम्ही रोज सापडतो.

माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी खोली मागितली होती, राहायची तयारी होती. पहिल्या तीन घरांत खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारलं. आडनावावरून कळेना तर सरळ विचारलं, ‘तुमच्यात कोण?’ शेवटी गोठ्याला लागून एक पत्र्याची मिळाली. पावसाळ्यात भिंतीला हात लावला की ओल हाताला यायची. राहिलो. बायकोला कसं आणू? मांजरापट्टा, तुमच्या त्या कंदीलवाल्या गुरुजींची जात कोणती होती ते जरा आठवून सांगा.

मांजरापट्टा

जातीवर कशाला जायलाव? मी चांगलं बोललो होतो त्यांच्याबद्दल.

नांदेडकर_बाई

मीही शिक्षिका. एकटी बाई गावात राहिली तर काय काय ऐकावं लागतं ते इथल्या पुरुषांना माहीत नाही असं समजू का? संडासला घरमालकाच्या घरातून जायचं. रात्री कोणाचा फोन आला, कोण भेटायला आलं, सगळ्या गल्लीला खबर. वर्षभरात सोडलं.

तरी कायद्याचं_बोला यांचं एक आहे. ठराव खोटा असतो हे शिक्षक, सरपंच, साहेब सगळ्यांना ठाऊक असतं. तो खोटेपणा आपण बंद करायला हवा. पण सहा वाजता गावात असणारा शिक्षकच चांगला शिकवतो हे मला मान्य नाही. रोज संध्याकाळी पारावर पत्ते कुटत बसणारे मुख्यालयी गुरुजीही मी बघितलेत.

कायद्याचं_बोला

म्हणजे ठराव खोटा हे कबूल. धन्यवाद. एवढंच पाहिजे होतं.

तेरणाकाठ

मी लेकरांच्या खेळावर धागा काढला होता. तुम्ही घरभाड्याचं ऑडिट काढून बसलाव.

पुण्यातला_पण_गावचा

दादा, तो पण विषयच आहे. शेवटचा तास खेळाला गेला तर वजाबाकीला कुठला तास राहिला, हेच मी विचारत होतो.

डोंगरपट्टा

बीड जिल्ह्यातला आहे. तुमच्याकडं सराव कुणी घ्यायचा याचं भांडण आहे, आमच्याकडं सरावाला उरतं कोण? दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. दिवाळीनंतर निम्मा वर्ग कारखान्यावर. जूनमध्ये बसवलेल्या कबड्डीच्या संघातले नोव्हेंबरात तीन सापडतात. दुसऱ्या सत्राचे उपक्रम म्हणजे आमच्यासाठी उरलेल्यांचे उपक्रम.

मी स्वतः चौथीत कबड्डीच्या संघात होतो, चढाई माझीच. केंद्राच्या स्पर्धा तोंडावर आल्या आणि मुकादमाची गाडी दारात. आई-बापानं उचल घेतलेली, थांबायची सोयच नव्हती. तो हंगाम आम्ही पोरांनी तळावर उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या रचून त्याच्यावर उड्या मारण्यात काढला. एप्रिलात परत आलो तर मास्तर म्हणाले, परीक्षेला बस, पास करतो. वजाबाकी अशी हुकते साहेब. खो-खोमुळं हुकत नाही.

आता हंगामी वसतिगृह आहे, कागदावर तरी आहे. पण आई-बाप गेल्यावर लेकरू मागं राहायला तयार पाहिजे. आमच्या शाळेत यंदा दोघं आजीजवळ राहिलेत. एकानं रडून घेतलं, मला खो-खोच्या संघात घेतलंय, मी येत नाही म्हणाला. त्याचा बाप मला म्हणतो, अभ्यासासाठी राहतो म्हणाला असता तर ओढून नेला असता, खेळासाठी एवढा हटून बसला म्हणून ठेवला. आता तो थांबलाय म्हणून रोज वर्गात बसतो. त्याला हातचा शिकवायला निदान तो समोर तर आहे.

पुण्यातला_पण_गावचा

ह्याच्यावर लगेच कोणीतरी धावपटू अविनाश साबळे सांगणार, तुमच्याच आष्टी तालुक्यातला.

डोंगरपट्टा

मी नाही सांगणार. मांडव्याचा अविनाश लहानपणी सहा किलोमीटर शाळेत पळत जायचा, कारण गाडी नव्हती. पुढं सैन्यात गेला, तिथं त्याला पळायला शिकवणारे भेटले. २०२२ ला राष्ट्रकुलचं रौप्य आणलं. त्यात शाळेच्या उपक्रमाचा वाटा किती ते तुम्हीच ठरवा. माझा मुद्दा पदकाचा नाहीच. माझा मुद्दा हजेरीचा आहे.

दोन_लेकरांची_आई

हे पटलं. पण मग संघात नाव असलेल्याच लेकरांना थांबावंसं वाटणार. टाळ्या वाजवणारं लेकरू कशासाठी थांबेल? गुरुजी, बारा जण स्पर्धेला न्या, कोण अडवतंय. रोजच्या सरावाला तरी सगळ्यांना घ्या. लंगडी घ्या, तळ्यात-मळ्यात घ्या, त्याला ना खांब लागतो ना अनुदान.

खडूवाले

घेतो. मंगळवारी संघ, गुरुवारी सगळी शाळा. पण गुरुवारी सोबतीला कोणीतरी पालक पाहिजे. दोघं मिळून एवढी लेकरं सांभाळता येत नाहीत. मागं एकाचा हात मोडला तेव्हा दवाखान्यात मीच धावलो आणि शिव्याही मीच खाल्ल्या.

मांजरापट्टा

पालक येतील. सोयाबीन घरात आलंय, तुरीला अजून वेळ आहे, माणसं रिकामीच हायत. मैदानावर मळणी केलेल्यांनी आधी गुळी तेवढी उचला म्हणावं, अनवाणी पोरांच्या पायात रुततंय.

पुण्यातला_पण_गावचा

ठीक आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला खलनायक केलंच आहे, तर खलनायकाकडून फक्कीची दोन पोती घ्या. राखेच्या रेघा बघून लाज वाटली. शनिवारी येणाऱ्या गाडीत टाकतो. पण सकाळी परिपाठानंतरची वीस मिनिटं कवायतीऐवजी पाढे आणि हातचा. हे मान्य असेल तर ग्रुपवरची पोस्ट काढतो. नसेल तर राहू दे तिथंच.

तेरणाकाठ

दहा मिनिटं.

पुण्यातला_पण_गावचा

पंधरा. आणि पुतण्याचं मी स्वतः बघणार, महिन्यानं फोनवर.

कायद्याचं_बोला

वा, तडजोड झाली. घरभाड्याचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.

खडूवाले

माझ्या शाळेलाही दोन पोती द्याल का? आणि पावती शाळेच्या नावानं करा, माझ्या नाही. नाहीतर लेखापरीक्षणाला ‘फक्की कुठून आली’ याचा खुलासा मलाच लिहावा लागेल.