अनुभव धागा : खान्देशातलं घरकुल, पायापासून नमुना ८ पर्यंत

तापीकाठ
राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत सध्या गल्लोगल्ली घरकुलं, म्हणजे सरकारी अनुदानातली घरं, बांधली जाताहेत. प्रधानमंत्री आवास, शबरी, रमाई, मोदी आवास अशी नावं वेगवेगळी, पण ग्रामीण भागात मूळ अनुदान बहुतेक ठिकाणी १ लाख २० हजारांच्या घरातलं आणि घर किमान २६९ चौरस फुटांचं. एवढ्यात घर कसं उभं राहतं, कुठे अडतं, आणि झाल्यावर घरात-गल्लीत काय बदलतं, हे रोज या कामात असणाऱ्यांनी लिहावं. पुढच्याला वापरता येईल अशा तपशिलात लिहा.

ओळंबा
पायापासून सुरुवात करतो, कारण चोपडा, अमळनेर, शिरपूर पट्ट्यातली घरं फुटतात ती तिथेच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन फूट खणून दगड भरले की दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. ती प्लास्टरची भेग नसते, पाया हललेला असतो.

मुरूम लागेपर्यंत खणा. चार-पाच फुटांवरही लागला नाही तर चर रुंद घ्या, तळाला फूटभर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून, ठोकून घट्ट बसवा, त्यावर १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) चार ते सहा इंच काँक्रीट. जोत्याच्या (भिंतींखालच्या चौथऱ्याच्या) पातळीवर सलग बीम हवाच, चार सळया किमान १० मिलीमीटरच्या. पैसे वाचवायला लोक नेमका हाच बीम गाळतात. जोत्यात भर मुरमाचीच घाला. चरातून निघालेली काळी माती परत आत टाकली तर फरशी वर उचलते. घराभोवती तीन फूट रुंद, बाहेर उताराची फरशी करा. पाणी पायाशी मुरलंच नाही, तर निम्मं काम झालं.

दुसरं पाणी देण्याचं. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारी ओतलेला स्लॅब संध्याकाळपर्यंत केसाएवढ्या भेगांनी भरतो. पहाटे सुरू करून दहाच्या आत संपवा, दुसऱ्या दिवशी वर मातीची आळी करून पाणी साठवा, किमान दहा दिवस, जमलं तर चौदा. गावात टँकर चालू असेल तर स्लॅब त्या महिन्यात घेऊच नका. कापूस वेचणीचा जोर ओसरला की पाया आणि होळीच्या आत स्लॅब, हे आपल्याकडचं खरं वेळापत्रक.

जोता ते लिंटल
हप्त्यांबद्दल लिहितो. मंजुरीनंतर पहिला हप्ता १५ हजारांचा येतो. पुढचे जोता, लिंटल (दार-खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) आणि पूर्णत्व अशा टप्प्यांवर. प्रत्येक टप्प्याला त्याच जागेचा जिओ-टॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. जुन्या घराच्या जागी फोटो काढला आणि बांधकाम मात्र मळ्यात किंवा भावाच्या प्लॉटवर केलं, की फाईल थांबलीच.

पैसे अडण्याची इतर कारणं अगदी ठरलेली : जनधन खातं वापराविना बंद पडलेलं, आधार दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं, किंवा यादीतलं नाव आणि आधारावरचं नाव जुळत नाही. पहिल्या हप्त्याची वाट न बघता बँकेत जाऊन ‘थेट अनुदान याच खात्यात येतंय ना’ एवढं विचारून घ्या.

सगळ्यात जास्त घरं मात्र अडतात ती कागदामुळे नाही, आकारामुळे. मंजुरी २६९ फुटांची आणि जोता पाचशेचा. ‘एकदाच बांधायचं तर मोठंच बांधू’ हा विचार समजतो, पण मग भिंती लिंटलला येऊन थांबतात आणि दोन-तीन पावसाळे तशाच भिजतात. हिशेब असा बघा : २६९ फुटांच्या साडेचार इंची स्लॅबला साधारण एक ब्रास (शंभर घनफूट) काँक्रीट लागतं, म्हणजे २२-२४ गोण्या सिमेंट आणि अडीच क्विंटलच्या आसपास लोखंड. दोन खोल्यांच्या नऊ इंची भिंतींना साडेसात हजारांच्या आसपास विटा. क्षेत्र दुप्पट केलं की स्लॅबचं सामान दुप्पट होतं, अनुदान तेवढंच राहतं. मोठं हवं असेल तर आखणी मोठी करा, बांधा दोनच खोल्या आणि पुढच्या बाजूला बीमच्या सळया सोडून ठेवा.

वाळू पाच ब्रासपर्यंत मोफत आहे, पण वाहतूक आपली. तहसीलकडून पास मिळाल्याशिवाय ट्रॅक्टर भरू नका. नदीच्या वाळूत गाळ किती ते बाटलीत वाळू-पाणी हलवून तासाभराने बघा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल तर धुवून घ्या.

हजेरीपट
१ लाख २० हजार म्हणजे सगळे पैसे, असं धरून लोक बरंच सोडून देतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० होते. शौचालयाचे १२ हजार वेगळे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या टप्पा दोनमधल्या घरांना राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरसंचासाठी. मजुरी बुडते ती जॉबकार्ड वेळेत न काढल्याने, किंवा काम सुरू होऊनही मस्टरची (हजेरीपत्रकाची) मागणी न दिल्याने. होऊन गेलेल्या आठवड्यांची हजेरी नंतर भरता येत नाही. पायाची आखणी करायच्या आधी मागणी द्या.

जागाच नसेल तर दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत १ लाखापर्यंत मदत आहे. खरेदीखत रस्ता असलेल्या जागेचंच करा. स्वस्त म्हणून शेताच्या मधला तुकडा घेतला तर विटांची गाडी जाणार कुठून?

अक्राणी_पाडा
धडगाव-अक्कलकुव्याकडचं गणित वेगळं आहे, भाऊ. वरच्या पाड्यांवर गाडी जात नाही. खालच्या रस्त्यापासून सिमेंट-वाळू डोक्यावर नाहीतर गाढवावर. त्यामुळे सामान पावसाच्या आधी एकदाच चढवावं लागतं, आणि पहिल्या हप्त्यात ते होत नाही. चार-पाच घरं मिळून एक फेरी ठरवली तर भाडं वाटलं जातं. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला निम्मा पाडा खाली होतो. जोत्याच्या तपासणीला घरात कोणीच नसतं. जाण्याआधी जोता पूर्ण करून फोटो चढवून घ्यावा.

जुनं कुडाचं, कौलारू घर लगेच पाडू नका. भिल्ल-पावरा घरात गुरं, धान्याची कणगी, चूल, माणसं सगळी एका छताखाली असतात. २६९ फुटांत ती मावत नाहीत. नवं शेजारी उभं करून जुन्यात गुरं-धान्य ठेवलेली घरं नीट चालतात. जिथे जुनं पाडलं, तिथे घरकुलाचा गोठा झाला आणि माणसं ओसरीत झोपतात.

बचतगट_पारोळा
घरात काय बदलतं, ते सांगते. नियमाने घरकुल बाईच्या किंवा नवरा-बायकोच्या जोड नावाने मंजूर होतं. पण मंजुरीपत्रावर बाईचं नाव आलं म्हणजे घर तिचं झालं असं नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घर-जागा कोणाच्या नावावर त्या नोंदवहीत, जागा सासऱ्याच्या नावानेच राहते. पुढे वाटणी आली, किंवा ती एकटी पडली, की दीर ‘जागा आमची’ म्हणतात. म्हणून बांधायच्या आधी सासऱ्यांचं संमतीपत्र आणि पूर्ण झाल्यावर जोड नावाची नोंद, दोन्ही करून घ्या, आणि उताऱ्याची प्रत आपल्या पेटीत ठेवा. घरपट्टीची पावतीही तिच्या नावाने घ्या. बाई बँकेत शिलाई मशीन किंवा म्हशीचं कर्ज मागायला जाते, तेव्हा हेच कागद विचारतात.

आणखी एक, आपल्या खान्देशातलंच. भाव येईपर्यंत कापूस घरात. दहा क्विंटल मोकळा कापूस दहा बाय बाराच्या खोलीत कमरेएवढा भरतो. मग पोरं अंगणात अभ्यास करतात, अंगाला खाज सुटते, आणि चूल त्याच घरात. मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची पडवी काढा, जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर. घरकुल झाल्यावर मुलींना स्वतःचा कोपरा मिळतो म्हणतात. तो या पडवीमुळेच मिळतो.

गल्ली_धुळे
शेजाराबद्दल कोणी लिहिलं नाही. जुन्या गल्ल्यांत धाब्याची (मातीच्या सपाट छपराची) घरं भिंतीला भिंत लावून आहेत. एकाचं घरकुल मंजूर झालं की तो मधली पांढऱ्या मातीची भिंत पाडतो आणि शेजाऱ्याची बाजू उघडी पडते. पहिल्याच मोठ्या पावसात ती बसते. सामाईक भिंत तशीच ठेवून आत आपली विटांची भिंत उभी करा, नऊ इंच जागा जाते पण भांडण टळतं आणि कोणाचा जीव वाचतो. प्रत्येक नवं घर रस्त्यापासून दोन-तीन फूट उंच जोता घेतं आणि पाणी जुन्या घरात शिरतं. ग्रामपंचायतीने गटाराची पातळी आधी आखून द्यावी, घरकुलं त्यावरून.

शहरात स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाख मिळतात, उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि देशात कुठेही पक्कं घर नको. अडतं ते सामाईक मिळकतपत्रिकेवर (शहरातल्या जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर). सदनिका घ्यायच्या असतील तर आधी पाणी, दिवे, बसची सोय बघा. जळगाव नगरपालिकेची नव्वदच्या दशकातली मोठी घरकुल योजना अर्धवट राहिली, २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यात शिक्षा सुनावल्या. पैसे भरण्याआधी जागेवर जाऊन इमारत कुठवर आली ते बघणं त्यामुळे आपल्याकडे सगळ्यांना पटतं.

ओळंबा
धुळ्याचे जिभाऊ, नव्या जोत्याचं पाणी जुन्या घरात शिरतं हे बरोबर बोललात. स्लॅबच्या पन्हळी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडतात, तेही थांबवा. उतार रस्त्याकडे द्या, चार फुटांना अर्धा इंच पुरतो, आणि पाइप खाली गटारापर्यंत आणा. वर चुना मारलात तर मे महिन्यात खोली नक्की थंड राहते. दर उन्हाळ्यात पाडव्याच्या सुमाराला एक हात.