रक्तात खूण नाही म्हणून आजारच नाही?

झोपाळू
माझ्या ताईला सहा वर्षांपासून क्रॉनिक फटीग सिंड्रोम (एमई/सीएफएस), म्हणजे वर्षानुवर्षं न हटणाऱ्या टोकाच्या थकव्याचा आजार आहे. केस धुतले की दुसऱ्या दिवशी पडदे ओढून पडून राहते, मोबाइलचा उजेडही सोसत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी फाइल परत सरकवली, म्हणाले, "रोज थोडं चालायला लावा." लावलं. तीन आठवडे अंथरुणातून उठली नाही.

बायोमार्कर, म्हणजे रक्तात वगैरे मोजता येणारी आजाराची खूण, जरूर शोधा, पण तो सापडेपर्यंत रुग्णावर विश्वासच ठेवायचा नाही, हे कुठलं शास्त्र? मायग्रेनचं निदान लक्षणांवरूनच होतं ना? अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 साली दिलेले निकषही लक्षणांचेच आहेत.

काटेकोर
ताईंचं वाचून वाईट वाटलं, पण मुद्द्याशी असहमत. विश्वास ठेवून औषध मिळत नाही. लक्षणांवरून निवडलेले रुग्ण म्हणजे एकाच पोत्यात चार धान्यं. नॉर्वेत रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्तीच्या काही पेशी कमी करणाऱ्या औषधाच्या छोट्या चाचण्यांनी आशा लावली होती. मग 151 रुग्णांची मोठी चाचणी झाली, 2019 मध्ये निकाल आला: प्लासिबोपेक्षा (नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा) सरस नाही. त्यात दहा-वीस जणांना खरंच गुण आला असेलही, पण ते वेगळे काढायचे कसे? खूणच नाही!

दुधाने_पोळलेला
खुणेच्या घाईने काय होतं तेही आठवा. 2009 साली 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत एक्सएमआरव्ही या एचआयव्हीच्याच गटातल्या विषाणूचा शोधनिबंध आला, या आजाराच्या 101 पैकी 68 रुग्णांत सापडला म्हणे. काहींनी एचआयव्हीची औषधंसुद्धा सुरू केली. नंतर कळलं, विषाणू प्रयोगशाळेतल्याच दूषित नमुन्यांचा. 2011 मध्ये निबंध मागे घेतला. तेव्हापासून 'रक्तचाचणी सापडली' अशी बातमी दिसली की मी पुढे सरकतो.

पिपेट
लॅबमधली आहे, म्हणून जरा लांबण लावते. 2019 साली स्टॅनफर्डच्या रॉन डेव्हिस यांच्या गटाने रक्तपेशींना मिठाचा ताण देऊन विद्युत रोध (वीज जायला होणारा अडथळा) मोजला. 20 रुग्ण आणि 20 निरोगी माणसं अगदी स्वच्छ वेगळी पडली. सुंदर काम. पण दवाखान्यात निरोगी माणूस येतोच कुठे? तिथे येतात थायरॉइडवाले, नैराश्यवाले, झोपेत श्वास अडकणारे. त्यांच्यातून हा आजार ओळखता आला पाहिजे.

समजा एखादी चाचणी दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक आहे (आजार असलेले आणि नसलेले, दोन्ही शंभरातले 90 बरोबर ओळखते) आणि थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या 1000 जणांत 50 जणांना खरा आजार आहे. 45 बरोबर सापडतील, पण उरलेल्या 950 मधले 95 जणही उगाच पकडले जातील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघांतले दोघे चुकीचे.

झोपाळू
हे गणित पटलं. पण नमुना घेतात कधी, तेही बघा ना. ताई लॅबपर्यंत जाते ती बऱ्या दिवशी. खरी पडझड दुसऱ्या दिवशी, घरी. लागोपाठ दोन दिवस सायकल चालवायला लावून श्वास मोजतात, त्यात काही अभ्यासांत दुसऱ्या दिवशीचे आकडे घसरलेले दिसले. ताईला विचारलं, करशील? म्हणाली, "आणि तिसऱ्या दिवशी मला कोण उचलणार?"

काटेकोर
हा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. तरी एक शंका: वर्षानुवर्षं पडून राहिल्यानेही रक्त, स्नायू बदलतात. तुम्ही ज्याला खूण म्हणाल ती अंथरुणाचीच नसेल कशावरून?

पिपेट
म्हणूनच मला जनुकांचं काम जास्त मोलाचं वाटतं. पडून राहिल्याने जन्मजात डीएनए बदलत नाही. ब्रिटनच्या डीकोडएमई प्रकल्पाने 2025 मध्ये 15,579 रुग्णांचे प्राथमिक निष्कर्ष मांडले. जनुकसंचात आठ ठिकाणी फरक दिसला, त्यातले काही प्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेशी जोडलेले असावेत. यातून निदान होणार नाही, एकेका जागेचा वाटा फार लहान आहे. पण शोध कुठे घ्यायचा ते तरी कळतं.

दुधाने_पोळलेला
हे नीट छापून येऊ दे, दुसऱ्या गटाला पुन्हा सापडू दे. मग बघू.

झोपाळू
बघा. तोवर किमान चालायला तरी लावू नका. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2021 मध्येच व्यायाम ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा सल्ला काढून टाकलाय, आणि त्यासाठी त्यांना कुठली रक्तचाचणी लागली नाही.