अल्युमिनियमला तांब्याची वायर जोडली की जॉइंटच का जळतो?

विहीरकाठ: शेतातल्या ५ एचपी मोटरला पोलवरून आलेली वायर अल्युमिनियमची आहे आणि स्टार्टरकडची तांब्याची, मधे नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेली. या पावसाळ्यात दोनदा तिथंच जळालं, टेप पार वितळली, पण वितभर पुढं दोन्ही वायरी धडधाकट. दोन्हीतून करंट जातो ना, मग जोडावरच काय होतं? वायरमन म्हणतो अल्युमिनियम बाद, सगळी तांब्याची टाका. एवढ्या लांब वायरीला पैसे कुठून आणू.

टेस्टर_खिशात: अल्युमिनियम बाद नाही हो. तांब्याच्या साधारण ६० टक्के करंट वाहून नेतं, म्हणून वायरीचा छेद (स्क्वेअर एमएम) दीडपटीपेक्षा थोडा जास्त घ्यायचा, झालं. वरच्या हाय टेन्शन लाइनी कशाच्या असतात? अल्युमिनियमच्याच, आत स्टीलची तार ताणासाठी. खरी भानगड वरच्या थराची आहे. हवा लागली की अल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, तो दिसत पण नाही आणि त्यातून वीज जवळपास जातच नाही, मग पिळात जिथं घासून धातूला धातू लागलाय तेवढ्या दोन-चार ठिपक्यांतून सगळा करंट जायला बघतो आणि तेवढीच जागा तापते.

जुनाखोडकिडा: त्यात भर म्हणजे तापल्यावर अल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं (साधारण २३ ला १७ असं प्रमाण). मोटर चालू बंद, चालू बंद, पीळ रोज थोडा सैल. आणि पावसाचं पाणी शिरलं की दोन धातू मिळून छोटा सेलच बनतो, त्यात अल्युमिनियम खाल्लं जातं. पावसाळ्यातच का जळतं ते कळलं का भाऊ

विहीरकाठ: कळलं. मग आता करू काय?

टेस्टर_खिशात: बायमेटल लग मिळतात, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे जोड, एक बाजू अल्युमिनियम एक बाजू तांबं. वायर ब्रशने घासून, जॉइंटिंग पेस्ट लावून, क्रिम्पिंग मशीननेच दाबायचे, पक्कडीने नाही. वर पाणी न शिरणारा बॉक्स. हे वायरमनकडून सप्लाय बंद करूनच करा, स्वतः हात घालू नका. आणि मुख्य विचारायचं राहिलं, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारं उपकरण) आहे का? तीनातला एक जॉइंट गेला की मोटर दोन फेजवर ओढते आणि वाइंडिंग जळतं.

विहीरकाठ: प्रिव्हेंटर बायपास केलाय, सारखा ट्रिप व्हायचा म्हणून 😐 दुसऱ्यांदा जळालं तेव्हा मोटर नुसती गुं गुं करत होती, मी लगेच बंद केली.

जुनाखोडकिडा: अहो तो उगाच नव्हता ट्रिप होत!! आज लावा परत.