युरिक ॲसिड ७.८: हृदयासाठी गोळी घ्यावी का?
वडिलांचं युरिक ॲसिड ७.८, सांधे दुखत नाहीत, तरी हृदयासाठी ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारी गोळी) घ्यावं का, असं एकाने विचारलंय. फक्त तेवढ्यासाठी नको. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑल-हार्ट चाचणीत हृदयविकार असलेल्या, पण गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) नसलेल्या साठीपुढच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही. आधी रक्तदाब, साखर आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा. किडनी मंदावली की युरिक ॲसिड रक्तात साठतं. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का तेही वाचा, त्याने ते चढतं. लोसार्टन या रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीने थोडं उतरतं. पण कृपा करून परस्पर गोळी बंद करू नका, बदल डॉक्टरांकडूनच.
मासे सोडायला नकोत. तारली, मांदेली, सुकट कमी. पापलेट, सुरमई आठवड्यातून एकदोनदा चालेल. बिअर बंदच.