जॉन बेलेअर्स गेल्यावर त्यांच्या भूतकथा थांबायला हव्या होत्या का?

निशाचर
मुलांसाठी भुताखेतांच्या साहसकथा लिहिणारे अमेरिकन लेखक जॉन बेलेअर्स १९९१ मध्ये अवघ्या ५३व्या वर्षी गेले. त्यांच्या किशोर कादंबऱ्या १५, त्यातली शेवटची १९९२ मध्ये आली. याशिवाय मागे राहिली दोन अर्धवट हस्तलिखितं आणि दोन कथानकांची त्रोटक टिपणं. या चारांची पुस्तकं ब्रॅड स्ट्रिकलंड यांनी १९९३ ते १९९५ मध्ये पुरी केली. इथवर माझी तक्रार नाही. पण १९९६ ते २००८ या काळात त्यांनी त्याच पात्रांवर आणखी नऊ पुस्तकं स्वतःच्या मनाने लिहिली. ती व्हायला नको होती.

बेलेअर्स यांच्याकडे भूत बाहेरून येत नाही, मुलाच्या चुकीतून उठतं. १९७३ चं ‘द हाउस विथ अ क्लॉक इन इट्स वॉल्स’ घ्या. लुईस दहा वर्षांचा, अनाथ, लठ्ठ, खेळायला त्याला कुणी घेत नाही. हात मोडलेला टार्बी तेवढ्यापुरता मित्र होतो, आणि हात बरा होताच दुरावू लागतो. त्याला धरून ठेवायला लुईस हॅलोवीनच्या रात्री स्मशानात मेलेल्याला उठवून दाखवतो. सेलेना इझार्ड ही मेलेली चेटकीण उठते. टार्बी जायचा तो जातोच, आणि काकांना खरं सांगायची लुईसची हिंमत होत नाही. म्हणजे भीती दुहेरी झाली, म्हातारीची आणि आपलं बिंग फुटण्याची. स्ट्रिकलंड यांच्या नऊ पुस्तकांत नुसते दुष्ट मांत्रिक येतात आणि मुलं त्यांना हरवतात.

ओसरी
निशाचर, नऊच्या नऊ एका दावणीला बांधू नका. १९९८ चं ‘द स्पेक्टर फ्रॉम द मॅजिशियन्स म्युझियम’ पुन्हा काढून बघा. शाळेच्या कार्यक्रमात लुईस आणि त्याची मैत्रीण रोझ रिटा यांचे जादूचे प्रयोग फसतात, सगळी शाळा हसते. रोझ रिटा तो अपमान गिळू शकत नाही आणि त्या रागाच्या वाटेनेच ती जाळ्यात सापडते. तुम्ही सांगितलेली रीत ती हीच, मुलाच्या मनातली जखम आधी, भूत नंतर.

उलट बेलेअर्स स्वतः ही रीत प्रत्येक वेळी पाळत नव्हते. १९८९ च्या ‘द ट्रॉली टू यस्टरडे’मध्ये ट्रॉलीतून थेट १४५३ च्या कॉन्स्टँटिनोपलला जायचं. मजा भरपूर, पण त्यात जॉनीने, म्हणजे बेलेअर्स यांच्या दुसऱ्या मालिकेच्या नायकाने, असं काय पाप केलंय?

कोरा कागद
मी निशाचर यांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. घड्याळाच्या पुस्तकातला मोटारीचा पाठलाग आठवा. रात्रीचा रस्ता, मागे दोन प्रखर दिवे, काका जोनाथन गाडी दामटतायत. वाइल्डर क्रीकवरचा लोखंडी पूल गाडी ओलांडते आणि मागचे दिवे तिथेच अडतात. वाहतं पाणी आणि लोखंड या दोन गोष्टी भुताला ओलांडता येत नाहीत, एवढाच नियम. पूल कुणी आणि का बांधला याचा खुलासा अगदी ओझरता. बाकीचं वाचणाऱ्या मुलाने रात्री पांघरुणात पडून जुळवायचं.

२००० मध्ये स्ट्रिकलंड त्याच पुलावर अख्खी कादंबरी लिहितात, ‘द बीस्ट अंडर द विझर्ड्स ब्रिज’. पूल पाडायला घेतात, खालून काय निघतं ते दिसतं, त्यामागे आकाशातून पडलेली उल्का. जे झाकलेलं होतं म्हणून भीती वाटत होती, ते सगळं उघडं पडलं. मुलांच्या भूतकथेत नेमकं इथेच चुकतं. नियम एका वाक्यात सांगावा, कारण सांगत बसू नये.

ओसरी
कोरा कागद, हे पटलं नाही. तो पूल पाडला तर काय होईल, हा प्रश्न बेलेअर्स यांनीच पेरून ठेवलेला आहे. १९७३ पासून लहान वाचकांना तो पडत असणार. पुढच्या लेखकाने तो उचलला यात आगळीक कसली?

पिंपळपार
चरित्राकडेही बघा. ‘मूळ लेखकाचं पवित्र जग’ असं जे मानलं जातंय ते तितकंसं खरं नाही. घड्याळाचं पुस्तक आधी मोठ्यांसाठी लिहिलेलं होतं. मुलांसाठी करा असं प्रकाशकाने सुचवलं आणि बेलेअर्स यांनी ते नव्याने लिहिलं. त्यातलं न्यू झेबडी हे गाव म्हणजे त्यांचं जन्मगाव, मिशिगनमधलं मार्शल. १९७६ च्या तिसऱ्या पुस्तकानंतर त्यांच्या हयातीत लुईसचं पुस्तक आलंच नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला गेल्यावर त्यांनी तिथल्या हेव्हरिल गावावरून डस्टन हाइट्स उभं केलं आणि जॉनी डिक्सनवर आठ पुस्तकं लिहिली. लुईसला ते स्वतः मागे सोडून गेले होते. १७ वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याला परत आणलं ते स्ट्रिकलंड यांनी.

निशाचर
‘स्पेक्टर’बद्दल ओसरी यांचं म्हणणं मान्य, माझं वाक्य सरसकट होतं. पण पिंपळपार, परत आणलं म्हणता ते बेलेअर्स यांच्या अर्धवट कागदांवरून, आणि त्याला माझा विरोध नव्हताच. माझा विरोध वाचकाची गल्लत होते त्याला आहे. चित्रकार एडवर्ड गोरी यांची चित्रं १९९३ नंतरच्या पुस्तकांवरही आहेत. तीच काळी रेघ, तसेच उंच सडपातळ आकार. घड्याळाच्या पुस्तकावरच्या २०१८ च्या चित्रपटानंतर मालिकेकडे वळलेल्या पालकाला कोणतं पुस्तक कुणाचं हे वेष्टनावरून चटकन कळत नाही.

म्हणून आतल्या पानावरचं मूळ प्रकाशनवर्ष बघायचं. १९९२ पर्यंतचं पूर्ण बेलेअर्स यांचं. १९९३ ची दोन हस्तलिखितावरून पूर्ण केलेली. १९९४ आणि १९९५ ची टिपणावरून. १९९६ पासूनची स्ट्रिकलंड यांची. पुनर्मुद्रणाचं वर्ष धरलं तर सगळा हिशेब चुकतो. मुलाला द्यायचा क्रम विचाराल तर आधी घड्याळ, मग लगेच १९८३ चं ‘द कर्स ऑफ द ब्लू फिगरीन’.

कोरा कागद
दुसरं पुस्तक १९७५ चं ‘द फिगर इन द शॅडोज’च हवं. घड्याळाने लुईसशी गट्टी जमलेली असते, तेव्हाच ते द्यावं. जुन्या पेटीत सापडलेलं तीन सेंटचं नाणं तो गळ्यात घालतो, का, तर वर्गातल्या दांडगटाची भीती वाटू नये म्हणून. तुम्ही म्हणता ती चूक इथे आणखी साधी आणि आणखी खरी आहे. मग त्याला एक पत्र येतं. मजकूर एकच लॅटिन शब्द, ‘वेनिओ’. म्हणजे, मी येतोय.