डॉट इंट डोमेन हवंय, अर्ज परत आला (तातडीची मदत)

धुळेकर_७१
नमस्कार. आमच्या संस्थेसाठी डॉट इंट (.int) डोमेन हवंय. अर्ज केला तर एका ओळीत "पात्र नाही" म्हणून परत आला. आम्ही आंतरराष्ट्रीयच आहोत, तीन देशांत काम आहे, सगळी कागदपत्रं जोडली होती. हे डोमेन कसं मिळवायचं कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची मीटिंग आहे.

वायरमन
संस्था कसली? ट्रस्ट, कंपनी, की सरकारी? आणि 'सगळी कागदपत्रं' म्हणजे नेमकी कोणती ते लिहा, नाहीतर इथे सगळे अंदाजच बांधत बसतील.

सह्यकडा
डॉट ऑर्ग घ्या आणि मोकळे व्हा. आमच्या मंडळाचं कित्येक वर्षं त्यावरच चाललंय. आता डॉट एनजीओ पण मिळतं, २०१५ पासून आहे.

धुळेकर_७१
@सह्यकडा डॉट ऑर्ग नकोय म्हणून तर विचारतोय.
@वायरमन पुण्यात रजिस्टर झालेला ट्रस्ट आहे, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शाखा. ट्रस्ट डीड, तिकडच्या नोंदणीची सर्टिफिकेटं, आणि युनोच्या इकोसॉकचं (आर्थिक आणि सामाजिक परिषदेचं) सल्लागार दर्जाचं पत्र जोडलं होतं. युनोने मान्यता दिलेली असताना नाही कसं म्हणतात?

वायरमन
अहो मग इथेच अडलं. डॉट इंट 'अनेक देशांत काम करणाऱ्या' संस्थांसाठी नाहीच, ते देशादेशांच्या सरकारांनी आपसात करार करून स्थापन केलेल्या संस्थांसाठी आहे. तो करार लागतो, आणि संस्थेला आंतरराष्ट्रीय कायद्याखाली स्वतंत्र अस्तित्व लागतं. डब्ल्यूएचओ, नाटो, वायपो (युनोची बौद्धिक संपदा संघटना) ही त्यातली. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे गुरुग्रामची आंतरराष्ट्रीय सौर आघाडी, तिचा करार २०१६ मध्ये माराकेशला सह्यांसाठी खुला झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये लागू झाला. तिला मिळतं, तुमच्या ट्रस्टला कितीही शाखा काढल्या तरी नाही.
इकोसॉकचा सल्लागार दर्जा हजारो एनजीओंकडे आहे. आयानाच्या (डॉट इंट देणारी संस्था) नियमात जो दर्जा चालतो तो युनोच्या आमसभेचा निरीक्षक दर्जा, तो वेगळा.

चौकस_चिपळूण
मग वायएमसीएकडे डॉट इंट कसं? ती कुठल्या सरकारांनी काढली? मोठ्यांना एक न्याय आणि आपल्याला दुसरा.

वायरमन
ते नियम कडक व्हायच्या आधीचं आहे, जुन्यांचं काढून घेतलं नाही इतकंच. त्याचा दाखला देऊन नवीन अर्ज पास होणार नाही. आणि दर्जाचंच म्हणाल तर खुद्द युनो डॉट ऑर्गवर आहे, रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती पण. तिला तर आमसभेत निरीक्षक दर्जा १९९० पासून आहे.

सह्यकडा
तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय!

कायदेकानू
संस्थेच्या नावाचा ट्रेडमार्क घेतलाय का? नसेल तर आधी तो करा.

चौकस_चिपळूण
ट्रेडमार्कचं कोणी विचारलंय इथे?

वायरमन
@धुळेकर पण डॉट ऑर्ग नको का? ते अजून तुम्ही सांगितलंच नाहीये.

धुळेकर_७१
कारण आमच्या नावाचं डॉट ऑर्ग दुसऱ्याच कोणीतरी घेऊन ठेवलंय. आमचं डॉट ऑर्ग डॉट इन आहे. त्या दुसऱ्याच्या डॉट ऑर्गवरून आमच्या परदेशी देणगीदारांना मेल जातात, आमचाच लोगो लावून, पैसे अमुक खात्यात भरा म्हणून. एका ज्येष्ठ देणगीदार बाईंनी भरले सुद्धा. म्हणून असं डोमेन हवं होतं की जे कुणालाही सहज विकत घेता येणार नाही, लोकांनी बघितलं की खरं कोण ते कळावं.

बाबूराव_सर्व्हर
डीमार्क लावा, एसपीएफ नीट करा (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय का ते तपासायच्या सोयी), विषय संपला.

वायरमन
डीमार्क तुमच्या स्वतःच्या डोमेनची नक्कल थांबवतं हो. समोरच्याने डोमेनच वेगळं घेतलंय आणि त्यावर त्याने स्वतः डीमार्क लावलं तर त्याचे मेल अगदी व्यवस्थित पास होतील.

बाबूराव_सर्व्हर
तरी लावायलाच पाहिजे, निम्म्या संस्थांकडे नसतं.

कायदेकानू
म्हणून ट्रेडमार्क विचारला होता. डॉट ऑर्गसाठी यूडीआरपीखाली (डोमेनचे वाद सोडवायची ठरलेली पद्धत) वायपोकडे तक्रार करता येते, कोर्टात न जाता. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नावावर तुमचा हक्क आहे आणि डोमेन त्याच्याशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर कायदेशीर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. नोंदणीकृत ट्रेडमार्क नसला तरी चालू शकतं, पण मग वर्षानुवर्षांचा वापर सिद्ध करावा लागतो, वार्षिक अहवाल, वर्तमानपत्रातली कात्रणं, पावत्या. फी १५०० डॉलर, एक पंच असेल तर. निकाल बाजूने लागला तर डोमेन तुमच्याकडे येतं, पण बाईंचे गेलेले पैसे त्यातून मिळत नाहीत, त्यासाठी सायबर पोलिसांकडे तक्रार वेगळी करा आणि ती आजच करा. ते डोमेन कधी घेतलं गेलं ते व्हूइजमध्ये (डोमेन नोंदणीची माहिती दाखवणारी सोय) बघून इथे लिहा. तुमच्या ट्रस्टच्या आधीचं असेल तर अवघड आहे.

धुळेकर_७१
बघितलं. ट्रस्ट २००९ चा, डोमेन २०२१ चं.

कायदेकानू
मग करा तक्रार. ते मेल डिलीट करू नका, पूर्ण हेडरसकट सेव्ह करा, बाईंकडूनही मागवा. मीटिंगमध्ये डॉट इंटचा विषय काढून टाका आणि १५०० डॉलर मंजूर करून घ्या.