मावशींचं कार्ड चालतं, दार उघडतं आणि सायरन बोंबलतो

भोसरीवाली_अ‍ॅडमिन:
नमस्कार मंडळी. आमची कंपनी भोसरी एमआयडीसीत, गुरुवारी सुट्टी. चोरीचा अलार्म आणि दारांची कार्ड सिस्टीम एकाच सॉफ्टवेअरवर जोडलीये आणि हजेरी मी बघते म्हणून हेही माझ्याच गळ्यात पडलंय. रोज सुपरवायझर आधी येतात, काही होत नाही. शुक्रवारी मात्र साफसफाईच्या मावशी पहिल्या. कार्ड लावलं की हिरवा दिवा, दार उघडतं आणि मावशी पदर खोचून झाडू हातात घेईपर्यंत सायरन! वॉचमन पळत येतो, साहेबांना फोन जातो. साहेब म्हणतात, सेन्सरच बंद करून टाका. इन्स्टॉलर म्हणतो, सिस्टीममध्ये प्रॉब्लेम नाही. मग कोणात आहे, मावशींच्यात?

पिंपळे_गुरवकर:
एन्ट्री डिले, म्हणजे दार उघडल्यापासून सायरन वाजेपर्यंतची सवलत, वाढवा. ३० सेकंदांचे ९० करा, विषय संपला.

जुना_पॅनलवाला:
डिले वाढवून मावशी काय करणार, मिनिटभर जास्त झाडणार? त्यांना अलार्म उतरवायचा अधिकारच नाही. ताई, शुक्रवारचा लॉग काढा. आधी कार्ड मंजूर, मग डिले, मग अलार्म, असाच क्रम दिसेल. इन्स्टॉलर खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धवट बोलतोय. दार उघडणं ही एक परवानगी, एरिया डिसआर्म करणं, म्हणजे त्या भागाचा अलार्म उतरवणं, ही दुसरी. सुपरवायझरना दोन्ही आहेत, मावशींना एकच.

म्हणून मावशींना सगळंच देऊन टाकू नका. ऑफिस आणि स्टोअर एकाच एरियात असतील तर आधी वेगळे करा. स्टोअरमध्ये कार्बाइड इन्सर्ट (मशीनवर धातू कापायची छोटी पाती) असतील तर मूठभर माल हजारोंचा असतो, हे मी सांगायला नको. मावशींना फक्त ऑफिसचा एरिया, तोही सकाळी ७ ते ९. आणि ज्याला डिसआर्मचा अधिकार नाही, त्याला एरिया आर्म (अलार्म चालू) असताना दारच उघडू नये, असं सेटिंग अशा जोडलेल्या सिस्टीममध्ये बहुधा असतं. ते चालू करा. लाल दिवा दिसला की माणूस बाहेर थांबतो, सायरनचा संबंधच येत नाही.

सेन्सर बंद करायचं तर नावच काढू नका. बायपास केलेला, म्हणजे तात्पुरता वगळलेला सेन्सर बहुतेक पॅनलवर (अलार्मच्या मुख्य पेटीवर) पुढच्या डिसआर्मला आपोआप परत येतो. आयसोलेट केलेला कोणी हाताने परत चालू करेपर्यंत तसाच वगळलेला राहतो, आणि चालू करायचं कोणाच्याही लक्षात राहत नाही. आता कोणीतरी ड्रॉवरमध्ये एक कॉमन कार्ड ठेवायला सांगेल. तेही नको. उद्या काही गेलं तर लॉगमध्ये नाव कोणाचं, ड्रॉवरचं?

भोसरीवाली_अ‍ॅडमिन:
कॉमन कार्ड साहेबांनी कालच सुचवलं 😄 एरिया खरंच एकच निघाला, वेगळे करून घेते. अजून एक, काका. गुरुवारी देखभालीसाठी दिवसभर लाइट जाते. मागच्या वेळी संध्याकाळी वॉचमनने मागचं दार नुसतं ढकललं तर उघडलं.

जुना_पॅनलवाला:
तिथे मॅग्नेटिक लॉक असणार. वीज गेली की तो सुटतोच, आत माणूस अडकू नये म्हणून. त्याच्या सप्लायमधली बॅटरी बघा. १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) असेल आणि लॉक अर्धा अँपिअर खात असेल, तर कागदावर १४ तास निघतात. जुन्या, फुगलेल्या बॅटरीत त्यातलं फारसं उरत नाही. स्टोअरच्या दाराला वीज गेल्यावरही बंदच राहणारा स्ट्राइक (चौकटीत बसणारं विजेचं लॉक) लावा, आतून हँडलने मोकळा होणारा. जिथे मॅग्नेट राहील तिथे फायर अलार्मचा रिले (आपोआप चालणारा स्विच) लॉकची सप्लाय थेट तोडतो ना, तेही तपासा. ते काम सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडायचं नाही.

पण मला वेगळंच खटकतंय. पॅनलला स्वतःची बॅटरी असते. दार ढकललं तेव्हा अलार्म का नाही आला? आयसोलेटची यादी उघडा.

भोसरीवाली_अ‍ॅडमिन:
उघडली. मागच्या दाराचा कॉन्टॅक्ट, म्हणजे दार उघडल्याचं कळवणारा सेन्सर, त्यात आहे, मार्चपासून. इन्स्टॉलरला फोन लावलाय, उचलत नाहीये.